टॉप फाईव्ह, व्हाया मस्वेल हिल

साठच्या दशकातले टॉप फाईव्ह रॉक बँड कोणते? हा विषय आमच्याकडे जेवताना निघाला की आई ताट उचलून टीव्हीसमोर जाऊन बसायची. दादाचा नंबर वन कायम बीटल्स. माझा किंक्स. (‘हे कोण?’ असं विचारणारे तुम्ही एकटे नाही, डोन्ट वरी!) त्यानंतर द हू, मग बीटल्स, मग झॉम्बीज आणि शेवटी रोलिंग स्टोन्स, तेही नाइलाजाने. डोअर्स यादीत नाहीत. सॉरी, पण लेदर पँट, सत्ताविसाव्या वर्षी मृत्यू आणि पॅरिसमधलं थडगं यावर किती वर्षं भागवायचं? रे मॅन्झारेकच्या ऑर्गनला मात्र सगळं माफ.

दादा आता नोकरीनिमित्त लंडनला असतो. मागच्या वर्षी त्याच्याकडे गेले तेव्हा डील ठरलं. एक दिवस त्याचा, एक माझा.

त्याचा दिवस अर्थातच लिव्हरपूल. मॅथ्यू स्ट्रीटवर पाय ठेवताच चारही बाजूंनी बीटल्स अंगावर येतात. मग्ज, मॅग्नेट, टी-शर्ट, पुतळे. कॅव्हर्न क्लबच्या पायऱ्या उतरताना दादाचा चेहरा गाभाऱ्यात शिरल्यासारखा झाला होता. १९६१ ते ६३ मध्ये बीटल्स इथे जवळजवळ ३०० वेळा वाजले. म्हणजे, ‘इथे’ नाहीच! मूळ क्लब १९७३ मध्ये रेल्वेच्या कामासाठी बंद झाला, वरची इमारत पाडली, तळघर बुजवलं. आजचा क्लब १९८४ चा, जुन्या काही विटा वापरून उभारलेला. हे मी दादाला तिथेच सांगितलं. परतीच्या ट्रेनमध्ये तो दोन तास माझ्याशी बोलला नाही.

माझा दिवस मस्वेल हिलचा. उत्तर लंडनचा हा भाग, ट्यूब इथपर्यंत येतच नाही. ईस्ट फिंचलीला उतरून चालत निघालो. फॉर्टिस ग्रीन रस्त्यावर रांगेतलं एक घर, नंबर सहा, डेन्मार्क टेरेस. ना रांग, ना तिकीट. या घरात सहा बहिणींच्या पाठीवर झालेले रे आणि डेव्ह डेव्हिस वाढले. पुढच्या खोलीतल्या पियानोवर रेने ‘यू रिअली गॉट मी’ची धून बसवली. डेव्हने ब्लेडने स्पीकरचा पडदा फाडून गिटारला तो खरखरीत आवाज आणला आणि १९६४ मध्ये गाणं ब्रिटनमध्ये नंबर वन झालं. समोरच्याच क्लिसोल्ड आर्म्स पबमध्ये दोघं भाऊ पहिल्यांदा लोकांपुढे वाजले. पुढे आयुष्यभर एकमेकांशी भांडले. (दादाने इथे माझ्याकडे बघितलं.)

मग जगाला हे माहीत का नाहीत? एक तर १९६५ ते ६९ त्यांना अमेरिकेत कार्यक्रमच करता आले नाहीत, तिथल्या संगीतकारांच्या युनियनने परवाना नाकारला. ऐन बहरातली चार वर्षं गेली. दुसरं, नुसतं नशीब. त्यांचा सगळ्यात सुंदर अल्बम, ‘व्हिलेज ग्रीन’, ब्रिटनमध्ये २२ नोव्हेंबर १९६८ ला आला. त्याच दिवशी बीटल्सचा ‘व्हाइट अल्बम’ आला! किंक्सचा कुठल्याच चार्टवर दिसला नाही.

“ते असू दे,” दादाने हुकमाचा एक्का काढला, “पण आपल्याकडचा सूर रॉकमध्ये कोणी नेला? सतार कोणाची?”

याचीच तर मी वाट बघत होते. जानेवारी १९६५ मध्ये ऑस्ट्रेलियाला जाताना किंक्स मुंबईत थांबले होते. पहाटे रेला जाग आली ती कामावर निघालेल्या कोळ्यांच्या गाण्याने. तो सूर डोक्यात घेऊन त्याने ‘सी माय फ्रेंड्स’ लिहिलं. सतार नाही, नुसती गिटार तंबोऱ्यासारखी घुमते. गाणं आलं जुलैमध्ये. बीटल्सची सतार त्याच वर्षी, पण डिसेंबरमध्ये.

दादा गप्प. आयुष्यात पहिल्यांदा! पण परतीच्या विमानात मलाच झोप येईना. वर्सोव्यात वाढले मी. आणि तो सूर मी कधी ऐकलाच नव्हता?

म्हणून आल्यावर एका रविवारी पहाटे पाचला कोळीवाड्यापलीकडच्या धक्क्यावर गेले. बर्फ फुटत होता, ओल्या जाळ्यांचा वास, इंजिनांची धडधड. गाणं कुठेच नाही. जाळं विणत बसलेल्या एका आजोबांना विचारलं. “वल्ही होती तेव्हा म्हणायचे. आता मशीनपुढं कोण ओरडणार?”

मी त्यांना सगळी गोष्ट सांगितली आणि कानात इयरफोन दिला. त्यांनी हातातलं काम थांबवून, डोळे बारीक करून पूर्ण गाणं ऐकलं.

“हे आमचं गाणं नाय,” ते म्हणाले. मग जरा थांबून, “विकलं का त्यानं लय?”

“ब्रिटनमध्ये दहाव्या नंबरपर्यंत गेलं, आजोबा.”

“दहावाच?” म्हणत त्यांनी जाळं पुन्हा गुडघ्यावर ओढलं.