आठवड्याला एकच गाणं

सध्या आमच्या डब्लिनच्या घरी ‘गीतरामायण’ नव्याने सुरू झालं आहे. तसं ते घरात होतंच, पण आवडत्या पाच-सहा गाण्यांपुरतं! ५८० वरच्या गर्दीत गाडीत लावायचं, एक्झिट आली की बंद.

१ एप्रिल १९५५ला, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवर पहिलं गाणं लागलं. मग वर्षभर आठवड्याला एक. त्या वर्षी अधिक महिना आला, म्हणून गदिमा आणि बाबूजींची बावन्न गाण्यांची योजना छप्पन्नावर गेली. रेडिओवर माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर असे अनेक गळे होते. आपल्या घरांत पोचलं ते बहुतेक एकट्या बाबूजींच्या आवाजातलं.

आम्हीही ठरवलं, दर रविवारी एकच गाणं आणि तेही क्रमाने. इथे वाढणाऱ्या मुलांना निम्मे शब्द कळत नाहीत. पण आवाज एकच असल्यामुळे “आता हे कोण म्हणतंय?” हा प्रश्न हमखास येतो. कौसल्या? अहल्या? शबरी? ते शोधताना शब्दांचे अर्थ निघतात, अर्थातून गोष्ट निघते, आणि अडलंच तर पुण्याला आजीला फोन जातो. सगळी छप्पन्न एका बैठकीत ऐकवली असती, तर यातलं काहीच झालं नसतं.

मंडळी, तुमच्याकडेही असा एखादा जुना अल्बम असेलच. पहिल्या गाण्यापासून, सावकाश ऐकून पाहा. आमच्याकडे सध्या वनवास चालू आहे, आणि मुलांना पुढच्या रविवारची घाई झाली आहे!