पळसदेवचा कॅमेरा

बारामतीहून भिगवणमार्गें पळसदेवास जाण्याची वाट फार लांबची नाहीं. परंतु तेवढ्यांत पाण्याचीं दोन रूपें प्रवाशास पाहावयास सांपडतात. बारामतीच्या भोवतालचा ऊस निरेच्या डाव्या कालव्यानें पोसला. कऱ्हाकांठच्या या गांवास पूर्वीं मोरोपंतांमुळें ओळखीत. पुढें त्यास साखरेमुळें ओळखूं लागले. भिगवण ओलांडलें, कीं उजनीच्या जलाशयाचा अफाट विस्तार दिसतो. हिंवाळ्यांत त्याच्या उथळ कडांवर रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात व लोक ते पाहण्यास दुरून येतात. पक्षी पाहणारांपैकीं किती जणांस ठाऊक असतें, कीं त्याच पाण्याखालीं गांवें आहेत? भीमेवरील हें धरण १९८० सालीं पुरें झालें. जुनें पळसदेव पाण्यांत गेलें आणि गांव वरच्या अंगास येऊन वसलें. पळसनाथाचें जुनें देवालय मात्र जागचें हललें नाहीं. ज्या उन्हाळ्यांत पाणी फार ओसरतें, त्या उन्हाळ्यांत तें पुन्हां उघडें पडतें.

आम्ही निघालों होतों तें एका कॅमेऱ्यासाठीं. बारामतींत आमच्या परिचयाच्या एक वृद्ध बाई आहेत. त्यांनीं आगपेटीहून किंचित् मोठी अशी एक जुनी निगेटिव्ह आमच्या हवालीं केली. तिच्यावरून काढलेलें छायाचित्र पळसदेवास त्यांच्या थोरल्या बंधूंच्या घरीं आहे. जुन्या देवालयाच्या पायरीवर नऊवारी लुगडें नेसलेली, हातांत तांब्या घेतलेली एक तरुण स्त्री त्यांत उभी आहे. आजोबा कालव्यावर कारकून होते व कॅमेरा त्यांचा. त्यांचें पहिलें कुटुंब १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या सांथींत गेलें. पुढील वर्षीं त्यांनीं दुसरा विवाह केला. बंधूंच्या मतें पायरीवरची स्त्री ही थोरली आजी, म्हणजे वडिलांची सख्खी आई. बहिणीच्या मतें ती धाकटी. "दादाला तुम्हीच सांगा, माझें तो ऐकत नाहीं," असें बाईंनीं आम्हांस बजाविलें.

वाद केवळ कुतूहलाचा नव्हता. थोरली सवाष्ण गेली, म्हणून दर अविधवा नवमीस तेंच चित्र पाटावर मांडून त्यास हार घालण्याची चाल त्या घरांत आहे. धाकटी पुढें विधवा होऊन बरीच वर्षें जगली. नातवानें तिला पाहिली ती लाल आलवणांतच; त्या मुद्रेचा या कुंकू लावलेल्या तरुणीशीं मेळ बसेना. शिवाय नाक वडिलांसारखें आहे, हा त्यांचा मोठा पुरावा. नाकांवर आमचा फारसा विश्वास नाहीं.

जुन्या पोथीचें वय काढणें त्या मानानें सोपें. लेखक बहुधा अखेरीस शक, संवत्सर व तिथि लिहून ठेवतो. कॅमेऱ्याच्या कारखानदारास ती संवय नाहीं. तेव्हां 'याच्या आधींचा नव्हे' आणि 'याच्या नंतरचा नव्हे' अशा दोन भिंती शोधाव्या लागतात. यंत्रावर 'आग्फा-गेव्हर्ट' असें जोडनांव असेल, तर तें १९६४ नंतरचें, कारण त्या दोन कंपन्या त्या सालीं एक झाल्या. 'व्याप्त जपान' असा शिक्का असल्यास १९४५ ते १९५२ या सात वर्षांतलें. अंगावर पेटंटच्या तारखा कोरलेल्या असतील, तर त्यांतील शेवटची तारीख ही फक्त पहिली भिंत होय. पुष्कळ लोक तीच जन्मतारीख समजून बसतात.

यजमानांनीं कपाटांतून काढलेला कॅमेरा तळहातावर मावला. पुढचा भाग ओढतांच कातरीसारख्या पट्ट्यांवर तो बाहेर आला. हा 'व्हेस्ट पॉकेट कोडॅक', बंडीच्या खिशांत राहणारा. ही जात १९१२ सालीं निघाली. परंतु या यंत्राच्या पाठीवर एक चिमुकली झडप होती व सोबत धातूची बारीक लेखणी. तेव्हां हा 'ऑटोग्राफिक' प्रकार. तो १९१५ पासून १९२६ पर्यंत होत असे. पहिल्या महायुद्धांत सैनिकांचा कॅमेरा म्हणून याचा गाजावाजा झाला. १९२४ सालीं एव्हरेस्टवर नाहींसा झालेल्या मॅलरीजवळहि असाच एक होता असें मानतात. तो अद्याप सांपडलेला नाहीं.

येथवर कॅमेऱ्यानें कोणाचीच बाजू घेतली नाहीं. १९१५ नंतर थोरली तीन वर्षें हयात होती. यजमानांच्या चेहऱ्यावर समाधान दिसूं लागलें.

पण झडप व लेखणी यांचें प्रयोजन निराळेंच होतें. या कॅमेऱ्याच्या फिल्ममागें साधा कागद नसे. कागद व फिल्म यांमध्यें काळा पातळ पापुद्रा असे. चित्र घेतल्यावर झडप उघडून लेखणीनें दाबून लिहावयाचें व कांहीं क्षण उजेड दाखवावयाचा. दाबलेल्या ठिकाणीं पापुद्र्यांतून उजेड आंत जाई, आणि फिल्म धुतल्यावर दोन चित्रांमधल्या पट्टींत अक्षरें उमटत. आम्हीं निगेटिव्ह खिडकीशीं धरली. कडेला ज्यांस बहीण ओरखडे समजत होती, तीं मोडी अक्षरें होतीं. चौकटवाल्यानें भिंतीवरील प्रतीची कड कापल्यामुळें बंधूंस तीं कधींच दिसलीं नव्हतीं. अक्षरें एवढींच: "अधिक ज्येष्ठ, पळसदेव". शक नाहीं.

कारकुनानें शक लिहिला नाहीं, पण अधिक महिना लिहिला, हें आमचें भाग्य. यजमान पंचांग जाणणारे. आम्हीं कांहीं बोलण्यापूर्वींच त्यांचीं बोटें हलूं लागलीं. अधिक मास बहुधा एकोणीस वर्षांनीं त्याच नांवानें फिरून येतो. १९८०, म्हणजे उजनी पुरी झाली तें वर्ष, १९६१, १९४२, आणि १९२३, शके १८४५. त्याच्या मागचा अधिक ज्येष्ठ १९०४ चा, तेव्हां हा कॅमेरा जन्मलाच नव्हता. १९४२ पर्यंत आजोबा राहिले नव्हते, व तसली फिल्महि राहिली नव्हती. मधें दुसरा अधिक ज्येष्ठ नाहीं. खात्रीसाठीं त्यांनीं आजोबांची जुनी पंचांगें काढून पाहिलीं. १९२३ चें त्यांत होतें.

थोरलीला जाऊन तेव्हां पांच वर्षें झालीं होतीं.

यजमान बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग चित्र खिडकीशीं नेऊन म्हणाले, "हिनेंच बाबांना वाढवलें. मी हिला कुंकू लावलेली कधीं पाहिलीच नाहीं." चौकटीखालची नांवाची चिठ्ठी त्यांनीं नखानें सोडविली व चित्र पुन्हां त्याच खिळ्यावर लाविलें. थोरलीचें म्हणून आतां त्या घरांत एकहि छायाचित्र नाहीं.

येत्या नवमीस पाटावर काय मांडावयाचें, असें त्यांनीं आम्हांस विचारिलें. आम्हांपाशीं उत्तर नव्हतें. थोरलीच्या नांवानें सुपारी मांडावी, असें दाराशीं उभ्या असलेल्या सूनबाई म्हणाल्या, व तेंच ठरलें.