हंपीतील रिकामा गाभारा

हंपीला गेलेले बहुतेक प्रवासी विठ्ठल मंदिरातील दगडी रथापाशी रमतात. कमलापूर-कंपली रस्त्यालगतच्या, पायऱ्यापायऱ्यांच्या शिखराच्या साध्या मंदिरापाशी क्वचितच कोणी थांबते. लोक त्याला ‘गाणगित्ती’, म्हणजे तेलिणीचे मंदिर म्हणतात. समोरच्या उंच स्तंभावरील संस्कृत लेख मात्र वेगळेच सांगतो. विजयनगरचा राजा दुसरा हरिहर याचा जैन सेनापती इरुगप्प याने १३८५ मध्ये हे कुंथु जिननाथांचे चैत्यालय बांधविले. ‘नानार्थरत्नमाला’ हा संस्कृत कोशही याच इरुगप्पाचा. तलवार आणि शब्दकोश एकाच हाती! तरी त्याचे नाव खांबावरच राहिले. लोकांच्या तोंडी राहिली ती तेलीण.

आत गेलो तर गाभारा रिकामा. मूर्तीच नाही, तर वंदन कोणाला करायचे, असे मनात येऊन मी माघारी वळलो. तोच आई आली. “सतरावे तीर्थंकर ना?” एवढेच तिने विचारले, आणि पदर सावरून त्या अंधाऱ्या पोकळीसमोर णमोकार म्हणू लागली. मीही हात जोडले. मग खाली लक्ष गेले. तिने चपला उंबऱ्याबाहेर काढल्या होत्या. माझ्या पायांत बूट तसेच होते.

मुकाट्याने बाहेर जाऊन ते काढले आणि पुन्हा आत आलो.