विलायती की जपानी?

गेल्या उन्हाळ्यात तीन महिने आमच्या घरात एकच विषय चालला होता. सकाळच्या चहाला गाडी, रात्रीच्या दस्तरखानावर गाडी. शेवटी अम्मी वैतागून म्हणाल्या, "निकाहची बोलणीसुद्धा एवढी लांबत नाहीत!"

आम्ही दोघेही शिक्षक. घरात उर्दू, शाळेत मराठी आणि उर्दू दोन्ही. मुखेडला अब्बा, अम्मी आणि धाकटा मुलगा आमच्यासोबत असतात. मोठी मुलगी नांदेडला बारावीला आहे, सुट्टीत येते. इतकी वर्षे दोन मोटारसायकली आणि एसटी यांवर आमचे छान चालले होते. गाडीची हौस आम्हाला नव्हती. गरज कशी पडली ते आधी सांगतो.

दोन वर्षांपूर्वी भर पावसात, रात्री दीडच्या सुमारास अम्मींच्या छातीत दुखू लागले. इथल्या डॉक्टरांनी तपासून ताबडतोब नांदेडला न्यायला सांगितले. मुखेड ते नांदेड सत्तरेक किलोमीटर. भाड्याची एक गाडी मिळाली, पण ती अर्ध्या वाटेत बंद पडली. तासभर आम्ही अंधारात रस्त्यावर उभे होतो. अब्बा कडेला तस्बीह हातात घेऊन उभे, एक शब्द बोलले नाहीत. शेवटी दुधाच्या एका टेम्पोवाल्याने आम्हाला पोहोचवले. अम्मी वाचल्या, अल्हम्दुलिल्लाह. पण तेव्हापासून दर महिन्याला नांदेडची वारी आहे, आणि तो एक तास अब्बांच्या मनातून गेलेला नाही.

भिशीचे आणि साठवलेले मिळून चार लाख रुपये जमले. व्याजाच्या कर्जात पडायचे नाही हे आमचे आधीपासूनच ठरलेले. म्हणजे नवी गाडी नाही, जुनीच बघायची. त्या पैशात दोन तऱ्हेच्या गाड्या दिसू लागल्या. एकीकडे सुझुकी, होंडा, टोयोटा या जपानी. दुसरीकडे फोक्सवॅगन, स्कोडा या युरोपच्या. युरोपच्या गाड्या नव्या असताना महाग, पण जुन्या झाल्या की त्यांची किंमत लवकर उतरते. त्यामुळे जपानी छोट्या गाडीच्या पैशात जर्मन बनावटीची भारदस्त गाडी मिळत होती. दार लावले की 'धप्प' असा भरीव आवाज यायचा. आम्हाला तो आवाज आवडला, हे कबूल करतो.

अब्बांना नाही आवडला. "गाडी चांगलीच असेल," ते म्हणाले, "पण बंद पडली तर?"

सुट्टीला आलेल्या मुलीने तिथल्या तिथे विचारले, "दादाअब्बा, बंद पडली तर ढकलता येईल. धडकली तर?"

घर गप्प झाले. कारण तिच्याही प्रश्नामागे एक चेहरा होता. आमच्या शाळेतले एक तरुण सर मागच्याच वर्षी अपघातात गेले. त्यांच्या गाडीला एअरबॅग नव्हत्या. त्या सरांनी तिला गणित शिकवले होते.

एकाला रस्त्यात अडकण्याची भीती, एकीला रस्त्यावर मरण्याची. दोन्ही भीती खऱ्या. पुढचे तीन महिने गेले ते या दोन प्रश्नांत.

आम्ही आधी अब्बांचा प्रश्न घेऊन बसस्टँडजवळच्या मिस्त्रीचाचांकडे गेलो. चाचांची उमर गॅरेजात गेली. ते म्हणाले, "मास्तर, जर्मन गाडीत कायबी वाईट नाही. मजबूत आहे, रस्ता धरून चालते. पण मुखेडात तशा गाड्या हाताच्या बोटावर. एक पार्ट मागवला तर आठ-आठ दिवस वाट बघावी लागते. आन् जपानी गाडी म्हणाल तर माझा पोरगाबी डोळे झाकून खोलतो."

घरी येऊन हे सांगितले तेव्हा अब्बा हसले. म्हणाले, "आमच्या तरुणपणी नेमके उलटे होते."

खरेच की! त्या काळी रस्त्यावर दोनच गाड्या दिसायच्या, अॅम्बेसेडर आणि फियाट. अॅम्बेसेडर म्हणजे इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. फियाट इटलीची, वालचंद हिराचंद यांनी सुरू केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनायची. तिलाच पुढे पद्मिनी नाव मिळाले आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती 2023 सालापर्यंत धावली. दोन्ही गाड्या मूळच्या विलायती. पण कुठल्याही खेड्यात, कुठलाही मिस्त्री पान्हा आणि हातोडा घेऊन त्या सुरू करायचा. मग 14 डिसेंबर 1983 रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुती 800ची चावी दिली गेली. ती जपानच्या सुझुकीची. अब्बा सांगतात, "लोक म्हणायचे, हा पत्र्याचा डबा आहे, वाटेत बिघडला तर इथे कोण दुरुस्त करणार?"

म्हणजे आज आम्ही जर्मन गाडीबद्दल जे बोलत होतो, तेच तेव्हा लोक जपानी गाडीबद्दल बोलत होते. दुरुस्तीची सोय ना इंग्लंडच्या मातीत होती, ना जपानच्या. एखादी गाडी आपल्या भागात किती वर्षे राहिली, किती मिस्त्र्यांचा हात तिच्यावर बसला, यावर ते ठरते. ही गोष्ट चाचांना सांगितली तर ते म्हणाले, "हात बसायला आधी गाड्या तर आल्या पाहिजेत ना!"

चाचांनी आम्हाला आणखी एक गंमत दाखवली. गॅरेजात एक डिझेलची स्विफ्ट उभी होती. बॉनेट उघडून म्हणाले, "ही जपानी ना? पण हिचं काळीज इटलीचं." ते खरे आहे. स्विफ्टचे ते 1.3 लिटरचे डिझेल इंजिन फियाटचे, परवान्यावर इथेच बनलेले. तेच इंजिन टाटाच्या काही गाड्यांतही होते. 2020 साली धुराचे नवे नियम आले आणि मारुतीने ते बंद केले. दुसरीकडे, स्कोडा मूळची चेक देशाची, पण तिचा कारखाना 2001 पासून आपल्या मराठवाड्यात, औरंगाबादजवळच्या शेंद्र्याला. फोक्सवॅगनची पोलो पुण्याजवळच्या चाकणला बनायची. मारुती बनते हरियाणात. आता यातली परकी कोणती आणि शेजारची कोणती, सांगा!

मग मुलीच्या प्रश्नाकडे वळलो. ती अभ्यासासारखी वही घेऊन बसली. ग्लोबल एनकॅप नावाची एक संस्था गाड्या मुद्दाम धडकवून पाहते आणि तारे देते. जानेवारी 2014 मध्ये तिने भारतातल्या पाच छोट्या गाड्यांच्या चाचणीचे निकाल सांगितले. एअरबॅग नसलेल्या पाचही गाड्यांना मोठ्यांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे. त्यात जर्मन पोलोही होती! त्याच पोलोला दोन एअरबॅग लावून धडकवले तर चार तारे मिळाले. त्यानंतर कंपनीने एअरबॅग नसलेली पोलो इथे विकणे बंद केले. त्याच वर्षी एअरबॅग नसलेल्या स्विफ्टलाही शून्य मिळाले. त्याच नावाच्या स्विफ्टला युरोपात 2010 साली पाच तारे होते.

मुलगी म्हणाली, "तिकडच्यांना पाच आणि आपल्याला शून्य. का?"

आम्ही काय सांगणार? तिकडच्या गिऱ्हाईकाने मागितले, कायद्याने मागितले. आपण शोरूममध्ये गेलो की मायलेज विचारतो, रंग विचारतो, म्युझिक सिस्टीम विचारतो. एअरबॅग कोणी विचारली? आपल्याकडे चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली ती 1 जुलै 2019 पासून. त्याआधीच्या जुन्या गाड्यांत ती असेलच असे नाही, आणि बाजारात जुन्या म्हणून मिळतात त्या बहुतेक त्याच. जुनी गाडी घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

मुलीचे म्हणणे मात्र चुकीचे नव्हते. 2018 साली दोन एअरबॅग असलेल्या स्विफ्टला दोनच तारे मिळाले. चाकणला बनणाऱ्या स्कोडा कुशाक आणि फोक्सवॅगन टायगुन यांना 2022 मध्ये पाच. पण मारुतीच्या डिझायरनेही 2024 मध्ये पाच तारे मिळवले. म्हणजे हेही बदलते. इमानदारीचे तसेच. 2015 साली फोक्सवॅगनने धुराच्या तपासणीत लबाडी केल्याचे कबूल केले. 2023 साली टोयोटाच्या घरातल्या डायहात्सू या जपानी कंपनीने सुरक्षेच्या चाचण्यांत हेराफेरी केल्याचे मान्य केले. खरेपणा कुठल्या एका देशाच्या मालकीचा नाही.

एवढे सगळे वाचून आम्ही मुलीच्या बाजूला झुकलो आणि एका शहरात जर्मन बनावटीची एक जुनी गाडी पाहायला गेलो. चाचांना सोबत नेले. गाडी चकाचक. अब्बाही मनातून तयार झाले होते. चाचांनी चावी फिरवली, डॅशबोर्डकडे पाहिले, चावी बंद केली. पुन्हा फिरवली. मग आम्हाला बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तर, चावी फिरवली की एअरबॅगचा दिवा दोन-चार सेकंद लागतो आणि विझतो. विझला नाही तर बिघाड. पण हा तर लागतच नाही."

म्हणजे काय? कदाचित गाडी कुठे धडकली असेल, एअरबॅग फुटून गेल्या असतील, त्या पुन्हा न बसवता दिवाच काढून टाकला असेल. विकणाऱ्याला विचारले तर म्हणाला, "बल्ब गेला असेल." आम्ही म्हणालो, "स्कॅनर लावून बघू या." तो म्हणाला, "बघू उद्या." दुसऱ्या दिवशी फोन केला तर गाडी 'विकली गेली' होती.

यात गाडीचा किंवा ती बनवणाऱ्या देशाचा काही दोष नव्हता. दोष माणसाचा होता. पण परतीच्या वाटेवर मुलगी खूप वेळ खिडकीबाहेर पाहत राहिली. ज्या एका गोष्टीसाठी आम्ही ती गाडी घेणार होतो, तीच तिच्यात नव्हती की काय, कोण जाणे. मालाचा दोष लपवून विकू नये, हे आपण मदरशात पहिल्या-दुसऱ्या वर्षी शिकतो. धाकट्याने विचारले, "मग त्यांना कोणी शिकवलं नाही का?"

त्या रात्री आम्ही सगळे पुन्हा मशवऱ्याला बसलो. या वेळी प्रश्न बदलला. कोणत्या देशाची, हा प्रश्न बाजूला ठेवला. तीन अटी ठरवल्या. दोन एअरबॅग आणि एबीएस असलेच पाहिजे. मुखेडात दुरुस्त झाली पाहिजे. आणि विकणारा माणूस ओळखीचा पाहिजे.

महिनाभराने कंधारकडच्या एका निवृत्त गुरुजींची गाडी मिळाली. जपानी बनावटीची, आठ वर्षांची, वरचे मॉडेल, त्यामुळे दोन एअरबॅग आणि एबीएस. किंमत तीन लाख पंच्याऐंशी हजार. बिगर एअरबॅगची तीच गाडी चाळीसेक हजारांनी स्वस्त मिळत होती. गुरुजींनी आम्हाला बसवले, चहा दिला आणि स्वतःच सांगायला लागले. "क्लच प्लेट सहा महिन्यांत बदलावी लागेल. डाव्या दाराला बैलगाडीचा धक्का बसला होता, रंग दिलाय. एसी दुपारी कमी पडतो." चाचांनी नंतर गाडी खालून-वरून तपासली. एअरबॅगचा दिवा लागला, विझला. गुरुजींनी सांगितले त्याहून जास्तीचा एकही दोष निघाला नाही.

अब्बांच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. मुलीच्या प्रश्नाचे अर्धेच. तिने स्पष्ट सांगितले, "तारे कमी आहेत, हे आपण मान्य करायचं." आम्ही मान्य केले. चार लाखांत सगळे मिळत नाही. जे गाडीत नाही ते आपल्या वागण्यात आणायचे, म्हणून तिनेच घराचे नियम लिहून दाराजवळ लावले. सत्तरच्या वर जायचे नाही. आजारपण सोडून रात्रीचा प्रवास नाही. आणि मागे बसणाऱ्यांनीही सीटबेल्ट लावायचा.

मागच्या पट्ट्यावर अम्मी नाराज झाल्या. "बुरख्यावरून कसा बांधायचा?" मुलीने त्यांना सप्टेंबर 2022ची गोष्ट सांगितली. उद्योगपती सायरस मिस्त्री पालघरजवळ अपघातात गेले. गाडी जर्मनीची, मर्सिडीज, लाखोंची. पुढचे दोघे वाचले. मागचे दोघे गेले, आणि त्यांनी पट्टा बांधलेला नव्हता, असे पोलिसांच्या तपासात पुढे आले. अम्मी काही बोलल्या नाहीत. आता गाडी निघायच्या आधी त्याच मागे वळून धाकट्याला विचारतात, "बांधला का?"

पहिल्यांदा नांदेडला निघालो तेव्हा अब्बा पुढे बसले. ज्या जागी आम्ही त्या रात्री तासभर उभे होतो, ती जागा आली. आम्ही वेग कमी केला. अब्बांनी खिशातून तस्बीह काढली, पुन्हा ठेवली आणि म्हणाले, "चला."

परवा शेजारच्या खालांनी अम्मींना विचारले, "कौनसी गाडी लिए जी? विलायती की जपानी?"

अम्मी म्हणाल्या, "वो नै मालूम. गुरुजी की लिए."