रीत आणि उत्तर

गेल्या आठवड्यात आमच्या सांगलीच्या घरी पायथन तयार झालं. म्हणजे सोर्स कोड उतरवून घेऊन डेस्कटॉपवर कंपाइल केलं. नातू म्हणाला, "आजोबा, तुमच्या लिनक्समध्ये ते आधीपासून आहे. मग हा खटाटोप कशाला?"

प्रश्न रास्त आहे. मी बी.ए. मराठीचा, पण सातारा जिल्ह्यातल्या शाळेत पाचवी-सहावीचं गणितही माझ्याकडे असे. उत्तर बरोबर असलं, तरी रीत नसेल तर मी पूर्ण गुण देत नसे. तयार पायथन हे उत्तर, सोर्स ही त्याची रीत. ती सर्वांसाठी उघडी ठेवलेली असताना पाहायचीच नाही, हे मास्तराला कसं जमावं?

इंटरप्रिटर म्हणजे दुभाषी. आपला प्रोग्राम तो वाचतो आणि यंत्राकडून करवून घेतो. ग्विडो वान रॉसम यांनी १९८९ च्या नाताळच्या सुटीत हे काम हाती घेतलं आणि १९९१ मध्ये लोकांसाठी खुलं केलं. गंमत अशी, की हा दुभाषी स्वतः मुख्यतः सी भाषेत लिहिलेला आहे. त्यामुळे आधी त्याचंच यंत्रभाषेत रूपांतर करावं लागतं.

पहिली आज्ञा 'कॉन्फिगर'. स्वयंपाकाआधी डबे उघडून बघावेत तशी ती घरात काय काय आहे ते तपासते. मग 'मेक'. पडद्यावर ओळींमागून ओळी धावू लागल्या, एकेका फाइलचं रूपांतर होत गेलं. शेवटी यादी आली: एसक्यूलाइट आणि टीकेइंटर ही मॉड्यूलं बनली नाहीत, लागणारं साहित्य सापडलं नाही. मला काय येत नाही, हे आपणहून सांगणारा विद्यार्थी वर्गात क्वचितच भेटे! ते साहित्य आणलं, पुन्हा 'कॉन्फिगर', पुन्हा 'मेक'. लिनक्सची काही कामं जुन्या पायथनवर चालतात, म्हणून शेवटी 'ऑल्टइन्स्टॉल'. नवा दुभाषी जुन्याच्या शेजारी बसला, त्याच्या जागेवर नाही.

साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहात मुलं स्वयंपाकासकट सगळी कामं स्वतः करत. रयतचं ब्रीदच स्वावलंबी शिक्षणाचं. तरुणपणी मला वाटे, ते गरिबांच्या मुलांसाठी आहे. आता वाटतं, म्हाताऱ्यांना त्याची जास्त गरज आहे. हल्ली मला सगळं तयार मिळतं. सून औषधांचा डबा भरून ठेवते, नातू विजेचं बिल भरतो. त्यात माया आहे, तक्रार नाही. पण अशानं माणूस हळूहळू नुसतं उत्तर घेणारा होतो.

असो. पायथन ३ मध्ये, म्हणजे २००८ पासून, चलांना देवनागरी नावं देता येतात. 'इफ' आणि 'फॉर' मात्र इंग्रजीच राहतात. मी 'प्रिंट'ला 'लिही' असं नाव दिलं आणि मुद्दल, दर, मुदत मांडून सरळव्याज काढायला सांगितलं. पाच हजारांवर आठ टक्क्यांनी तीन वर्षांचं व्याज बाराशे आलं, पुढे दशांश चिन्ह आणि एक शून्य. नातू म्हणाला, "हे तर तोंडी येतं." मीही तोंडीच पडताळलं होतं.