आमची इमारत

दर वर्षीं दिवाळीच्या सुटीपूर्वीं शाळेच्या भिंतींवर कोरलेलीं नांवें पाहत फिरण्याचें काम आमच्याकडे असतें. यंदा तें करीत असतां आम्हांस अमेरिकेंतील एका विद्यालयाची आठवण झाली.

आलाबामा प्रांतांत टस्कीगी येथें १८८१ सालीं बुकर टी. वॉशिंग्टन यांनीं कृष्णवर्णीय मुलांसाठीं शाळा चालविण्यास घेतली. गुलामगिरी सुटून पुरतीं वीस वर्षेंही झालीं नव्हतीं. इमारती विद्यार्थ्यांनींच उभाराव्या असें त्यांनीं ठरविलें. विटा भाजण्याची विद्या कोणासच नव्हती. एकामागून एक तीन भट्ट्या बिघडल्या. तेव्हां वॉशिंग्टन यांनीं आपलें घड्याळ पंधरा डॉलरांस गहाण ठेविलें, आणि चौथी भट्टी साधली. गांवांत दुसरी वीटभट्टी नव्हती, म्हणून आसपासचे गोरे लोकही विटा नेण्यास येऊं लागले. देवघेव वाढली, तसा अविश्वासही कांहींसा ओसरला.

१८९२ सालीं रॉबर्ट टेलर हे वास्तुशिल्पाची पदवी घेऊन तेथें शिक्षक म्हणून आले व मुलांस नकाशे काढण्यास शिकवूं लागले. १९०१ सालच्या आत्मचरित्रांत वॉशिंग्टन सांगतात कीं, लहानमोठ्या चाळीस इमारतींपैकीं चार खेरीज सर्व बहुतांशीं विद्यार्थ्यांच्या श्रमांनीं झाल्या. नकाशापासून विजेच्या दिव्यांपर्यंत बाहेरचा कारागीर लागत नसे. येथें हात बसलेले शेंकडों तरुण पुढें दक्षिणेंत पसरले. त्या प्रांताची खरी कमाई हीच.

पालकांस मात्र हें प्रथम रुचलें नाहीं. मुलांस पुस्तकें शिकवा, मजुरी नको, अशीं पत्रें येत. हें वाचतांना आम्ही ओशाळलों. कांहीं वर्षांपूर्वीं शाळेच्या बागेची माती उचलण्यावरून एका पालकांनीं आम्हांस असेंच खडसाविलें होतें, आणि आम्हीं निमूटपणें त्यांच्या मुलास कामांतून सोडविलें. तो मुलगा सारी दुपार ओट्यावर बसून इतरांकडे पाहत राहिला. त्याचें तें तोंड आम्हांस अद्याप दिसतें.

टस्कीगी येथें नवा विद्यार्थी भिंतीवर नांव कोरूं लागला म्हणजे जुना त्यास अडवी. ही इमारत आमची, मीं ती बांधावयास हात लाविला आहे, असें सांगे. आमच्या भिंतींस असें सांगणारा कोणी नाहीं, यांत दोष मुलांचा नव्हे.

म्हणून यंदा भिंतींस चुना देण्याचें काम मुलांकडेच सोंपविलें आहे. पालकांस एवढीच विनंती कीं, त्या दिवशीं मुलांस जुने कपडे घालून पाठवावें.