नदीकाठचे काम पाहताना

गेली काही वर्षे आम्ही उभयतांनी एक नेम पाळला आहे. महिन्यातून एका रविवारी सकाळी मुळा-मुठेच्या काठी जावयाचे आणि पुणे शहरात नदीकाठच्या उद्यानाचे जे मोठे काम चालले आहे ते किती पुढे सरकले ते पाहावयाचे. निवृत्तीनंतर माणसे नाना छंद जडवून घेतात. कोणी बागकाम करतात, कोणी जुनी नाणी जमवितात. आम्हांला हा छंद जडला. नातवाच्या अर्ध्याच वापरलेल्या गणिताच्या वहीत आम्ही तारीख घालून चार ओळी लिहून ठेवतो. हळूहळू ती वही भरत आली आहे. तिच्यातील नोंदी चाळताना काही गोष्टी ध्यानी आल्या, त्या वाचकांपुढे ठेवाव्यात म्हणून हा लेखप्रपंच.

या कामाची पायाभरणी पंतप्रधानांच्या हस्ते ६ मार्च २०२२ रोजी झाली. मुळा, मुठा आणि संगमानंतरची मुळा-मुठा मिळून सुमारे ४४ किलोमीटर लांबीचे काठ बांधून काढण्याची ही योजना आहे. पहिल्या टप्प्यात ९ किलोमीटरचा काठ आणि त्यासाठी १०८० कोटी रुपयांहून अधिक खर्च, असे त्या वेळी सांगण्यात आले. दोन्ही तीरांवर पायवाटा, बसण्याच्या जागा, पाण्यापर्यंत उतरणाऱ्या पायऱ्या, सायकलींसाठी मार्ग आणि नौकाविहार, असे त्याचे मनोहर रूप फलकांवर रंगविलेले होते. चित्रातले पाणी निळेशार होते. पुलावरून खाली पाहिले की प्रत्यक्षातले पाणी काळसर दिसे आणि त्यावर जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरलेला असे. चित्र आणि वस्तुस्थिती यांच्यात एवढे अंतर पाहूनच आमचे कुतूहल जागे झाले असावे.

पहिल्या वर्षीच्या नोंदी अगदी बाळबोध आहेत. 'पत्र्याचे कुंपण घातले.' 'दोन पोकलेन, पाच डंपर.' 'काठाशी मातीचा भराव.' 'जाळीत दगड भरून भिंत रचण्यास प्रारंभ.' घर बांधणारा माणूस जशा विटा मोजतो तसे आम्ही दगडांचे थर मोजीत होतो. थर चढला की काम पुढे गेले, असा आमचा सरळ हिशेब होता. संगमापासून बंडगार्डनपर्यंतच्या या पट्ट्यात पाणी नेहमी तुंबलेले दिसते. सर जमशेटजी जिजीभाई यांच्या मोठ्या देणगीच्या साहाय्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास येथे जो दगडी बंधारा बांधला गेला, त्याचा हा परिणाम होय. आजच्या 'बंडगार्डन' या नावातील 'बंड' म्हणजे बंधाराच, हे पुण्यात वर्षानुवर्षे राहूनही फार थोड्यांना ठाऊक असते.

दुसऱ्या वर्षापासून वहीत झाडे आणि पक्षी येऊ लागले. काठावर वाळुंज, करंज, उंबर आणि बाभळी होत्या. हिवाळ्यात येरवड्याच्या बाजूस तांबूस-केशरी रंगाचे चक्रवाक उतरत. उथळ पाण्यात लांब पायांचे शेकाटे चालताना दिसत. कामाच्या आड येणारी झाडे तोडली जाणार हे कळल्यावर २०२३ च्या एप्रिलअखेरीस शेकडो पुणेकर नदीकाठी जमले आणि हिमालयातील 'चिपको'ची आठवण करून देत त्यांनी झाडांना मिठी मारली. त्या दिवसापासून आम्ही नुसत्या भिंतीकडे पाहणे सोडले. काठ म्हणजे नदीची कड एवढेच आम्ही समजत होतो. खरे पाहता ओल धरणारी माती, तिच्यात रुतलेली मुळे, पुराचे पाणी पसरावयास लागणारी मोकळी जागा या सर्वांचा मिळून काठ होतो. वाळुंजासारखे झाड पुरात वाकते आणि पाणी ओसरले की पुन्हा उभे राहते. त्याचे काम दगडी भिंतीला करता येत नाही.

आम्ही मूळचे वसईचे. ही गोष्ट समजावयास आम्हांला फार लांब जावे लागले नाही. आमच्या लहानपणी प्रत्येक वाडीच्या कडेला एक बावखल असे. पावसाचे पाणी त्यात साठे, जमिनीत मुरे, आणि समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही आसपासच्या विहिरींचे पाणी गोड राही. त्याच पाण्यावर केळी, पानवेली आणि फुलबागा जगत. पुढे जमिनीला सोन्याचा भाव आला आणि बावखले एकामागून एक बुजविली गेली. बुजविणाऱ्याला वाटे, ही निरुपयोगी डबकी! २०१८ च्या जुलैत वसई कित्येक दिवस पाण्याखाली राहिली, तेव्हा ज्या जागी ते पाणी पूर्वी विसावत असे त्या जागांची म्हाताऱ्या माणसांना आठवण झाली. हरित वसईसाठी लढलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो हेच तर आम्हां सर्वांना वर्षानुवर्षे सांगत आले होते. पाण्याची जागा आपण घेतली की पाणी आपली जागा घेते, हे वसईच्या माणसाला पुस्तकातून शिकावे लागत नाही.

पुण्याच्या नदीचे गणित थोडे निराळे आहे. मुठेच्या वर पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला अशी चार धरणे आहेत. चारींची साठवण मिळून सुमारे २९ अब्ज घनफूट असली तरी शहरास सर्वांत जवळ असलेल्या खडकवासल्यात २ अब्ज घनफूटही पाणी मावत नाही. घाटमाथ्यावर मुसळधार कोसळले की ते झपाट्याने भरते आणि दरवाजे उघडण्यावाचून गत्यंतर राहत नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, पाठोपाठ खडकवासलाही फुटले आणि नदीकाठच्या पेठांतील वाडे वाहून गेले. ती कथा पुण्यातील जुन्या घरांत अजून सांगितली जाते. धरण न फुटताही नदी घरात येऊ शकते, हे नव्या पिढीने २५ जुलै २०२४ रोजी पाहिले.

तो दिवस आमच्या वहीत नाही, कारण त्या दिवशी लिहिण्याचे भान नव्हते. आमची एक भाची सिंहगड रस्त्यालगत तळमजल्यावर राहते. पहाटे तिचा दूरध्वनी आला. "मावशी, पाणी जिन्याच्या तिसऱ्या पायरीला लागलंय, आम्ही वरच्या काकूंकडे आलोय." इतकेच बोलणे झाले आणि संपर्क तुटला. पाणी सोडले जाणार याची सूचना वेळेत मिळाली नाही, असे त्या वसाहतीतील सारेच रहिवासी नंतर सांगत होते. त्याच सकाळी वसईहूनही निरोप आला. फादर दिब्रिटो गेले. एका कानाने भाचीच्या घराची बातमी ऐकावी आणि दुसऱ्या कानाने ही ऐकावी, असा तो गुरुवार होता. वसईला जावे तर रस्ते पाण्याने अडलेले, भाचीकडे जावे तर तिच्या गल्लीत नावा फिरत होत्या. दिवसभर आम्ही घरातच बसून राहिलो.

पाणी ओसरल्यावर आम्ही भाचीचे घर साफ करावयास गेलो. भिंतीवर चिखलाची एक सरळ रेषा उमटली होती, जणू कोणी फूटपट्टी धरून आखलेली. त्या रेषेपुढे उभे राहिल्यावर नकाशावरच्या निळ्या आणि लाल पूररेषांचा अर्थ आम्हांला उमगला. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणारा पूर जेथवर पोहोचेल ती निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणारा पूर जेथवर जाईल ती लाल रेषा. 'शंभर वर्षांतून एकदा' या शब्दांनी माणूस फसतो. आपल्या हयातीत तो यावयाचा नाही, असे त्याला वाटते. त्याचा खरा अर्थ, दरवर्षी शंभरात एक इतकी शक्यता. एखाद्या कुटुंबाने घरासाठी ३० वर्षांचे कर्ज काढले, तर ते फिटेपर्यंत असा पूर येण्याची शक्यता जवळजवळ चारास एक इतकी होते. चारांतील एक म्हणजे दुर्मीळ नव्हे, हे कोणतीही गृहिणी सांगेल.

म्हणूनच नदीकाठची भिंत पाहताना आम्ही आता निराळा प्रश्न विचारतो. पुराचे पाणी पूर्वी जेथे पसरत होते तेथे ते आता पसरू शकेल काय? अडथळे काढून प्रवाह मोकळा होईल आणि पूर कमी होईल, असे योजनेचे समर्थक म्हणतात. काठ आवळले की पाण्याची पातळी चढेल, असे आक्षेप घेणारे म्हणतात. अहमदाबादच्या साबरमतीचे उदाहरण या वादात नेहमी पुढे येते. तेथे शहरातील पात्र सर्वत्र २६३ मीटर अशा एकसारख्या रुंदीचे केले गेले आणि नर्मदेच्या कालव्याचे पाणी आणून ते भरलेले ठेवले गेले. आमच्या मुठेला असे दुसऱ्या नदीचे पाणी मिळावयाचे नाही. पावसाळा सरला की धरणांतील पाणी कालव्याने आणि नळांनी शेतांकडे व घरांकडे जाते. उन्हाळ्यात शहरातील पात्रातून वाहते ते मुख्यत्वे आपण सर्वांनी वापरून सोडलेले सांडपाणी.

नदीकाठच्या बाकावर बसणाऱ्याला या पाण्याची दुर्गंधी आली तर बाकाचा दगड कितीही गुळगुळीत असला तरी काय उपयोग? उद्यानाबरोबरच नदीच्या शुद्धीकरणाचेही काम हाती घेतले गेले आहे. १४७० कोटी रुपयांहून अधिक खर्चाची ११ केंद्रे, एकूण क्षमता दिवसाला सुमारे ४० कोटी लिटर, असा तो संकल्प आहे. पण त्याच्या प्रगतीचे छायाचित्र कोणी काढीत नाही. जमिनीखाली नळ जोडला गेला, एखादा नाला नदीत पडण्याऐवजी केंद्राकडे वळला, याचा समारंभ होत नाही. म्हणून अलीकडे आम्ही वहीत एक नवा रकाना आखला आहे. पायवाटेची लांबी आम्ही लिहीत नाही. आमच्या नेहमीच्या फेरीत जे नाले लागतात, त्यांपैकी किती अजून काळे पाणी ओतीत आहेत, ते लिहितो. भिंतीचे थर भराभर चढले, हा रकाना मात्र फारच सावकाश बदलतो.

एकदा भिंतीच्या कामावर पाट्या वाहणारी एक बाई सावलीत भाकर खात बसली होती. आम्ही थांबलो तशी तिने गाव विचारले, आम्हीही विचारले. ती सोलापूर जिल्ह्यातील, भीमाकाठच्या गावची. "हेच पाणी आमच्याकडं येतं, काकू," ती सहजपणे म्हणाली, "तुमचं झालं की मग आमचं." तिच्या बोलण्यात राग नव्हता. मुळा-मुठा भीमेस मिळते आणि भीमा उजनी धरणात जाते. उजनीच्या पाण्यावर सोलापूरची तहान भागते आणि लक्षावधी लोकांची शेती पिकते. आमच्या दृष्टीने नदी मुंढव्याच्या पुलापुढे संपत होती. तिच्या दृष्टीने ती तेथे सुरू होत होती. आमच्या फेरफटक्यासाठी दगड वाहणाऱ्या त्या बाईच्या घरच्या घागरीत आमचे पाणी जाते, हे कळल्यावर त्या रविवारची नोंद आम्हांला एका ओळीत आटोपता आली नाही.

या लेखामुळे आम्ही उद्यानाच्या विरोधात आहोत असा कोणी ग्रह करून घेऊ नये. पुण्यासारख्या दाटीच्या शहरात मोकळ्या जागेची माणसाला भाकरीइतकीच गरज आहे. काठाचा जो थोडा भाग तयार झाला आहे, तेथे संध्याकाळी काठी टेकीत येणारे आजोबा, बाबागाडी ढकलणाऱ्या तरुण आया, अभ्यासाचे पुस्तक घेऊन बसलेली मुले दिसतात, आणि त्यांना पाहून आम्हांला आनंदच होतो. शहराने नदीकडे पाठ फिरवून कित्येक वर्षे लोटली. आता ते तिच्याकडे तोंड करून बसू पाहत आहे, हे चांगलेच आहे. केवळ एवढेच की, समोर बसलेल्याने समोरचीची विचारपूसही करावी. तिच्यात काय सोडले जाते, तिला पसरावयास जागा उरली आहे काय, आणि आपल्यानंतर ती कोणाच्या दारी जाते, हे तिन्ही प्रश्न काम अपुरे असतानाच विचारावे लागतात. भिंत पुरी झाल्यावर ते विचारून उपयोग नाही.

वाचकहो, आपापल्या गावी, मग ते वसईच्या खाडीकाठी असो, मिठीच्या काठी असो वा गोदेच्या, असे काही काम चालू असेलच. सवड काढून ते पाहावे. कोनशिला एकदा वाचली तरी पुरे. नाले मात्र पुन्हा पुन्हा पाहावेत.

भाचीने अजून घर बदललेले नाही, बदलणे परवडणारेही नाही. दरवर्षी जून उजाडला की ती घराची कागदपत्रे, मुलांच्या गुणपत्रिका आणि लग्नातील छायाचित्रांचा संग्रह एका पिशवीत भरून वरच्या मजल्यावरील काकूंकडे नेऊन ठेवते आणि दसऱ्यानंतर परत आणते. नदीकाठचे काम पुरे झाल्याचा समारंभ यथावकाश होईल. आमच्यापुरते सांगावयाचे तर, एखाद्या जूनमध्ये ती पिशवी भाचीच्या कपाटातच राहिली, तर ते काम नीट पुरे झाले असे आम्ही समजू.